पट्टीचं दुसरं टोक

लालबागच्या आमच्या चाळीखाली लहूकाकांची जुनी फियाट उभी असते. टॅक्सीही निवृत्त झाली आणि काकाही. फरक एवढाच, की गाडी अजून चकाकते. दारावरची ॲल्युमिनियमची पट्टी काढून काका ती चिंचेच्या कोळाने घासतात. पट्टी लांब आणि नाजूक, एकट्याने धरली तर वाकते. पूर्वी दुसरं टोक सोनूकाकी धरायच्या. त्या गेल्यापासून दर रविवारी मला खालून हाक येते, "ए कऱ्हाडकर, ऊठ रे! सासुरवाडीला आलायस काय?"

मागच्या रविवारी मी चिडवलं, "काका, परवाच तर आरसा केला होता हिचा. पुन्हा काळी कशी?"

"मुंबईची हवा रे."

मी गावाकडचा, मला पटलं. पण काल संध्याकाळी गॅलरीतून पाहिलं, तर काका फडक्याने पट्टीला धुण्याच्या सोड्याचं पाणी लावत होते. सोड्याने ॲल्युमिनियम काळं पडतं, हे मेसच्या पातेल्यांनी मला शिकवलंय.

आज हाकेआधीच खाली उतरलो. काका दचकले. "आज लवकर?"

"हवा फार खराब आहे, काका," म्हटलं आणि दुसरं टोक धरलं.