बदकं जिवंत आहेत का?

शुभांगी गायकवाडला हसू आवरत नाही, हे भूगावात सगळ्यांना ठाऊक आहे. स्वतःच्या लग्नात भंतेजींच्या नाकावर माशी बसली आणि नवरी खाली मान घालून गदगदू लागली. पाहुण्यांना वाटलं, माहेरच्या आठवणीनं रडतेय. सोसायटीच्या तलावावर बायकांना पोहायला शिकवता शिकवता तिनं दोन जुन्या होड्या घेतल्या आणि पौडच्या पुढे एका रिसॉर्टच्या तळ्यात त्या भाड्यानं फिरवू लागली. धंदा चालला, तशी तिनं थेट चीनहून पायडलच्या नव्या होड्या मागवल्या. फायबरच्या, पांढऱ्याशुभ्र, बदकाच्या आकाराच्या.

कस्टममधून माल सोडवून देणारा एजंट प्रमोद उरणला बसायचा. त्यानं आधीच बजावलं होतं, "ताई, जहाज बंदराला लागायच्या आत कंटेनरमध्ये काय आहे ते कस्टमला कळवावं लागतं. सुरक्षेचा मामला आहे. मोघम लिहिलं की माल अडकलाच समजा."

शुभांगीनं आपल्या बाजूनं सगळं नीट लिहून दिलं. पण तिकडच्या विक्रेत्यानं जहाज कंपनीला एवढंच कळवलं: मोठी पांढरी बदकं.

ती गच्चीवर कपडे वाळत घालत असताना प्रमोदचा फोन आला. "ताई, तुमची बदकं जिवंत आहेत का?"

शुभांगीनं ओल्या चादरीसकट खाली बसकण मारली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हसू नका हो! तुमच्या कागदात होडी, जहाजाच्या यादीत बदक. कंटेनर रोखलाय. उघडून बघणार आहेत. तुम्ही याच."

सासरे विश्राम, ज्यांचा जन्म धरणावर मासे धरण्यात गेला, ते लगेच चपला घालून तयार. "मी बी येतो. एवढी पाखरं तुला एकटीला आवरायची न्हाईत."

"मामा, होड्या आहेत त्या!"

"व्हय, पर सरकार बदकं म्हनतंय न्हवं?"

घाटात तिला दोनदा गाडी थांबवावी लागली, हसू ओसरावं म्हणून.

कंटेनरपाशी कस्टमच्या अधिकारी बाई उभ्या होत्या. शुभांगीचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "हसायला काय झालं? बंद पेटीत काय आहे, हे आम्हाला लिहिलेल्या शब्दांवरूनच कळतं. उद्या कुणी खेळणी लिहून फटाके पाठवले तर? गोदीत माणसं काम करतात."

शुभांगीचं हसू जागच्या जागी विरलं. "खरंय मॅडम. पाठवणाऱ्यानं काय लिहिलंय ते मीच आधी मागून बघायला हवं होतं."

सील तोडलं, दारं उघडली. आत होड्यांची धडं एकावर एक रचलेली आणि पुढ्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, लाल चोचींची मुंडकी ओळीनं मांडलेली. लांब पापण्यांचे डोळे थेट बाहेर रोखलेले.

विश्राम पुढे झाले, एका चोचीला कान लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "म्याडम, बोलत काय न्हाई."

अधिकारी बाईंनी फाइल तोंडावर धरली. पण फाइलमागून जो आवाज फुटला, तो ऐकून शुभांगीचा बांधही फुटला. प्रमोद, हमाल, सगळेच पोट धरून हसत सुटले. बाईंनी डोळे पुसत एकेक होडी ठोकून पाहिली, जहाज कंपनीला यादी दुरुस्त करायला लावली, आणि ती होऊन आल्यावर माल सोडला.

ट्रकवरच्या ताडपत्रीतून मुंडकी बाहेर आलेलीच राहिली. चांदणी चौकापासून पौडपर्यंत लोक मोबाइल काढून बघत होते.

तळ्यात पहिली होडी उतरली तेव्हा विश्रामना पहिला मान देऊन आत बसवलं. आयुष्यभर वल्हं मारलेला माणूस, पण पायडल मारायला लागले ते जागच्या जागी गोल गोल फिरू लागले.

"शुभे, ह्याला सरळ जायला कसं सांगायचं गं?"

शुभांगी काठावरून सांगायला गेली, हसता हसता पाय घसरला आणि साडीसकट धपकन पाण्यात पडली. पोहत जाऊन तिनं बदकाची शेपटी धरली. आता दोघंही गोल फिरत होती.