सुशीलाची पाण्याची बाटली

मालवणच्या मासळी बाजारात सुशीला आणि मथुरा शेजारी शेजारी बसतात. मध्ये हातभर जागा आणि तीन वर्षांचा अबोला. एक गिऱ्हाईक इकडचं तिकडे गेलं, एवढंच निमित्त. आपण उठलो की मथुराचं फावणार, या धास्तीने सुशीला पहाटेच्या चहानंतर दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. आलीच लघवी तर दाबून धरायची. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते असल्या बायकांसाठीच.

एप्रिलमध्ये लघवीला आग होऊ लागली. सारखं जावंसं वाटे, आणि गेलं की चार थेंब. ‘उष्णता’ म्हणून घरी धने भिजवलेलं पाणी पिऊन तिने आठवडा ढकलला. मग एका सकाळी सुरमई कापताना हुडहुडी भरून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला कळ मारू लागली. सून अक्षयाने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर शॅननने लघवी तपासायला पाठवली. “मावशी, ही उष्णता नाही. लघवीच्या मार्गात जंतू झालेत आणि ते किडनीपर्यंत पोचलेत. गोळ्यांनी बरं होईल. पण उलट्या झाल्या किंवा दोन दिवसांत ताप उतरला नाही, तर लगेच परत या. पाणी भरपूर प्या आणि लघवी अडवू नका.”

दुसऱ्या दिवशी ताप गेला. सुशीला गोळ्या फळीवर ठेवून मासळीची पाटी शोधू लागली, तर अक्षया दारात उभी.

“सगळ्यो गोळ्यो संपल्याशिवाय बाजारात जावक देवचंय नाय.”

गोळ्या संपल्यावर ती बाजारात गेली, तीही पाण्याची बाटली घेऊन. नऊ वाजता बाटली अर्धी झाली आणि उठायची वेळ आली. मासळीकडे बघितलं, मथुराकडे बघितलं. जीव मोठा की गिऱ्हाईक? लाज वाटली, पण बोलली.

“मथुरा, माझ्या पाटयेकडे वायच बघशीत गो?”

मथुराने मान वर केली नाही. “जा. पण बेगीन ये. माकाय जावचा आसा. सकाळपासून धरून बसलंय.”

सुशीला परत आली तेव्हा तिची सुरमई विकली गेली होती, पैसे पाटीखाली. मथुरा उठली आणि जरा घुटमळली.

“गो, तुका आग व्हायची म्हणान आयकलंय, खरा ना? माका चार दिवस होताहा.”

सुशीलाने बाटली तिच्या हातात दिली. “पी आधी. बाजार उठलो की माझ्यावांगडा दवाखान्यात चल.”