खंडेनवमीला पूजलेला ठोकळा

शारजात, अल मजाजला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ब्राझीलच्या एक चित्रकार बाई मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा माझी मुलगी आठवीत होती. मुलाच्या घरात सगळीकडे गालिचा. शाई सांडायची भीती, म्हणून बाई आमच्या जेवणाच्या टेबलावर छपाई करायच्या. मी प्रिंटिंग प्रेसमध्ये प्रॉडक्शन बघायचो, कॅटलॉगांचे ढीग रोज पाहायचो. पण कोरलेल्या लाकडी ठोकळ्यावर शाई लावून, कागद हाताने घासून चित्र उमटताना पाहिलं आणि वेडाच झालो. शुक्रवारी बायको-मुलीला कॉर्निशला, पाण्याकाठी फिरायला न्यायचं सोडून शाईचा रूळ घेऊन बसायचो. त्याची बोच अजून आहे. पण खोटं कशाला बोलू, तेवढा आनंद नंतर क्वचितच झाला.

काम करता करता बाई मोडक्या इंग्रजीत आयुष्य सांगायच्या. वडील कॉफीच्या मळ्यांजवळच्या गावात सुतार. पाळणे आणि शवपेट्या एकाच बाकावर बनायच्या. बाईंनी पहिलं चित्र टाकाऊ फळीवर कोरलं, शेजाऱ्याचा कोंबडा. पुढे साओ पाउलोला गेल्या, मोठमोठे कॅनव्हास रंगवले, नाव झालं. एकदा कुणा श्रीमंताकडे जेवायला गेल्या, तर त्यांचं चित्र सोफ्याच्या रंगाला शोभतं म्हणून टांगलेलं.

"त्याच आठवड्यात ब्रश धुऊन ठेवले," त्या म्हणाल्या. "कॅनव्हास एकाच्या दिवाणखान्यात कोंडला जातो. ठोकळ्यावरून शंभर प्रती निघतात, चित्र न्हाव्याच्या दुकानातही जातं."

मग कितीतरी वर्षं फक्त लाकूड. पण अंगठ्याचं ऑपरेशन झालं, कोरणी धरवेना, आणि तिकडे सगळ्यांनी 'बाई संपल्या' असं धरलं.

शारजात त्यांनी दुखऱ्या हाताने एकच मोठा ठोकळा कोरला होता. खालिद लगून या खाऱ्या तळ्याचं पाणी आणि काठावर टेलिफोनच्या बूथपुढे रांगेत उभी माणसं. शनिवारी शारजातच त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन उघडणार होतं. मधली भिंत या चित्रासाठी रिकामी ठेवली होती. दुसरा ठोकळा कोरणं शक्यच नव्हतं.

गुरुवारी खंडेनवमी आली. आपापली हत्यारं पूजायची आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. मी पाटावर मुलीची कंपासपेटी, बायकोचा मिक्सर, माझं प्रेसमधलं भिंग मांडलं. आणि मधोमध, छापायचा म्हणून आमच्याकडेच ठेवलेला बाईंचा ठोकळा.

"अहो, त्यांना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"अगं, मान आहे हा त्यांचा!"

"पप्पा, दॅट्स नॉट इव्हन युअर टूल," मुलगी म्हणाली.

मी भक्तिभावाने ओलं हळदकुंकू लावलं, वर भरपूर पाणी शिंपडलं.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी कुंकू पुसलं, लाकडावरून तळवा फिरवला आणि थांबल्या. जिथे जिथे माझं ओलं हळदकुंकू आणि पाणी साचलं होतं, तिथे लाकूड फुगून वर आलं होतं. नेमकं चित्रातल्या सपाट पाण्यावर, म्हणजे छापल्यावर तिथे डाग पडणार. कसाबसा सांगू लागलो, पूजा, मान, आज वापरायचं नाही...

"हबीबी," त्या इकडच्या अरबी लाडात म्हणाल्या, "माझं लाकूड भिजवलंस आणि वर मलाच सुट्टी देतोस?"

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दसऱ्याच्या सकाळी दार वाजलं. बाई कोरणी घेऊन उभ्या!

"फुगलेलं खाली बसणार नाही. कोरून काढावं लागेल."

"पण अंगठा?"

"अंगठा माझा आहे. तू ठोकळा घट्ट धर."

पहिला घाव घालताना त्यांचा चेहरा पिळवटला. मग ढलप्या उडू लागल्या. एकेका फुगवट्याच्या जागी पाण्यात थरथरणारं, उजळलेल्या खिडकीचं प्रतिबिंब तयार होत होतं. फुगवटे संपले तरी बाई थांबेनात! कोऱ्या पाण्यात कोरतच सुटल्या.

"आंटी, स्टॉप, प्लीज!" मुलगी ओरडली. त्या नुसत्या हसल्या.

शेवटी मी शाई लावली. बायकोने स्वयंपाकघरातला लाकडी डाव आणला, त्याच्या पाठीने बाईंनी कागद घासला आणि एका कोपऱ्यापासून हळूच वर उचलला.

"अगंबाई! पाणी हलतंय!" बायको म्हणाली.

बाईंनी कागद उजेडाकडे धरला. मग सुजलेला अंगठा तोंडात धरला, काढला आणि म्हणाल्या, "हे उद्या मधल्या भिंतीवर. आणि माझ्या मुलाला सांग, मला नवी फळी हवी. याच्यापेक्षा मोठी. यल्ला, चल लवकर!"