दरवर्षीची सही

"मॅडम, रजिस्ट्रीचं बारा वाजताचं टोकन आहे. लवकर आटपा," मामा म्हणाले.

यवतमाळच्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात तिघे बसले होते. राळेगावकडचा शेतकरी विनोद, त्याची मोठी बहीण शोभाताई आणि दोघांचे मामा. शोभाताई नवी कोरी साडी नेसून आल्या होत्या. बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायची असली की बरेच भाऊ तिला साडी घेतात. साडी पाहिली की मला काम कळतं.

हक्कसोडपत्र म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडला, असं बहिणीनं लिहून देणं. एकदा रजिस्ट्री झाली की मागे फिरणं फार कठीण. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर, म्हणजे जमीन कोणाच्या नावे आहे ते सांगणाऱ्या उताऱ्यावर, दोघा भावंडांची नावं लागली होती. शोभाताईंचं नाव आज निघायचं होतं.

माझी एक पद्धत आहे. सही करणाऱ्या बाईशी मी आधी एकांतात बोलते. सही घेणाऱ्या पार्टीला राग येतो. येऊ दे.

मामांना आलाच. "घरचा मामला आहे मॅडम. तिचं काही म्हणणं नाही. हो ना वं शोभा?"

"हो," शोभाताई म्हणाल्या.

"मग मलाही तेच सांगतील. तुम्ही दोघं बाहेर चहा घ्या."

दार लावून मी विचारलं, "ताई, सही कशासाठी करताय?"

"सगळ्याच बहिणी करतेत. नाही केली तं लोक म्हणतीन, भावाच्या वावरावर डोळा आहे. माहेर तुटते."

"समजा, सही केली की नाही हे गावात कोणालाच कधी कळणार नाही. मग कराल?"

हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नाही, पण मला फार उपयोगी पडतो. पुसदच्या एका बाईंना विचारला, तर त्या झटकन म्हणाल्या, "तरीबी करीन. मायचं सगळं दुखणं भावानं काढलं. मी चार दिवस आली आन् गेली." त्यांचं हक्कसोडपत्र मी त्याच दिवशी आनंदानं रजिस्टर करून दिलं. सही करणारी प्रत्येक बाई दबलेलीच असते, असं धरून चालणारे वकील मला सही लादणाऱ्या मामांइतकेच खटकतात.

शोभाताईंनी मात्र मान खाली घातली. साडीच्या आतल्या काठाला दुकानाचा स्टिकर अजून चिकटलेला होता. तो त्या नखानं काढू लागल्या.

"मंग नाही करणार," त्या म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. "पण मले पीकपाणी नाही पाहिजे मॅडम. वावर तोच करून राह्यला, विहीर त्यानंच खोदली. लग्नाआधी मी तिथं निंदण केलं, कापूस वेचला. माहं नाव कुठंच नाही. सासरच्या घरावरबी नाही. एवढ्या एका कागदावर आहे, ते कायले काढू?"

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी विनोदला आत बोलावलं. मामा न बोलावता आले. शोभाताईंनी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी मान वर करून.

विनोदचा चेहरा उतरला. "मंग पहिलेच काहून नाही सांगतलं, ताई?"

"तू इचारलं कुठं? मामाले इचारलं, तलाठ्याले इचारलं. माह्यासाठी साडी आणली."

"शोभे, लोकं तोंडात शेण घालतीन," मामा म्हणाले.

मी विनोदकडे वळले. "विनोदभाऊ, तोच प्रश्न तुम्हाला. लोकांना कळणारच नसेल, तर घ्याल ही सही?"

त्यानं विचार केला. "लोकायचं जाऊ द्या मॅडम. मामा म्हणे घेऊन टाक, म्हणून आलतो. पण बँकेचं काय? दोघायचं नाव असलं तं दरवर्षी पीककर्जाले ताईची सही लागते. ती राह्यते पांढरकवड्याले. मी दरवर्षी सहीसाठी तिकडं जाऊ काय?"

मुद्दा खरा होता. जमीन सामाईक असली की बँक दुसऱ्या हिस्सेदाराची संमती मागते. मामांनी जोरात मान डोलावली.

"मंग ये ना," शोभाताई म्हणाल्या. "बाबा गेल्यापासून तू एकदाबी आला नाही. सहीच्या निमित्तानं तरी येशीन. जेवून जाशीन."

विनोद खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर स्कूटरचं पार्किंग होतं, पाहण्यासारखं काहीच नव्हतं. मग तिकडेच पाहत तो म्हणाला, "टोकन कॅन्सल करा, मॅडम."

"मंग साडी तं वापस दे त्याले," मामा उठता उठता म्हणाले.

"साडी माह्या भावानं देल्ली," शोभाताई म्हणाल्या. "सहीनं नाही."

पुढच्या हंगामाच्या तोंडावर विनोद ऑफिसात डोकावला. हातात बँकेचं संमतीपत्र होतं, ताईंच्या सहीचं. मामा अजून आमच्याशी बोलत नाहीत, म्हणाला.

"ताईकडं गेलतो. सही मिनटाची, पण तिनं दोन दिवस हलू देल्लं नाही."

टोकन कॅन्सल झालं त्या दिवशी माझं एक काम बुडालं. तेव्हापासून बाई नव्या साडीत आली, की मी आधी प्रश्न विचारते आणि टोकन मागाहून काढते.