गाळावरचं पान

माझा नवरा पुरात गेला तो नदीकाठची पाण्याची मोटर वर ओढायला. मोटर सापडली, तो सापडला नाही. पाणी उतरल्यावर निपाणीकडच्या आमच्या शेताखाली, नदीच्या वळणावर, गाळ साचून राहिला. तो त्यातच असणार हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोलून दाखवत नव्हतं. त्या गाळात माणूस छातीपर्यंत जायचा आणि होडी रुतायची.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले. शेवटी दिराने दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. माझ्यापुरतं ते संपलं. पोराचं संपलं नाही.

"अण्णा तिकडं हाय आणि तुमी पान हिकडं मांडलं," तो म्हणाला. "कसा यील कावळा?"

पोरगा उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काम करतो. आम्ही दोघं तिथेच शहरात, अनगोळात राहतो. त्या दिवसापासून तो ताटावर बसला की घास हातात धरून थांबायचा. त्याच्या आधी कोणीतरी जेवायचं राहिलंय, असा. अंगाने निम्मा झाला. मेलेल्याची मला काळजी नव्हती, जित्याची होती.

मग त्याने मोबाइलवर बघून अंगणात एक गाडी करायला घेतली. तिला हॉवरक्राफ्ट म्हणतात. प्लायवूडची मोठी फळी आणि तिच्या भोवतीनं ताडपत्रीची झालर. मोडक्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी. एक पंखा फळीखाली हवा भरतो, ती झालरीत कोंडते आणि फळीला माणसासकट वर उचलते. दुसरा पंखा मागून ढकलतो. बूड टेकत नाही म्हणून रुतत नाही. झालर मी दाभणाने शिवली. हाताला काम आहे तोवर पोरगा शाबूत राहील, एवढाच माझा हिशेब.

शेजारीण भिंतीवरून बघायची. "आक्का, पोरगं इमान करालंय काय गं?"

"चिखलातली गाडी हाय."

"त्यापरास लगीन कर की त्याचं. बिनगाडीचा रुतंल."

पहिल्यांदा पंखा लावला तेव्हा झालर फुगली, बसली, परत फुगली. झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी. मी आत निघून गेले. नंतर गाडी जात्यासारखी गरगर फिरायची. बॅटरी मध्यावर सरकवली, तेव्हा कुठे ती सरळ चालायला लागली.

वर्षश्राद्धाच्या सकाळी ती टेम्पोत घालून शेतावर नेली. पिंडाचं पान पोराने पायांमध्ये धरलं. दिराने त्याच्या कमरेला दोर बांधला. गाडी गाळावरून निघाली ती खरोखरच रुतली नाही. दोर संपला तिथे पोराने गाठ सोडली.

"आरं ए!" दीर ओरडला. पंख्याच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही.

वळणावर थांबून त्याने पान गाळावर ठेवलं. तोवर बाभळीवरचे सगळे कावळे उडून नदीपार गेले होते. वर्षभर ताडपत्री शिवली, पण कावळा पंख्याला भितो हे आम्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग त्याने पंखे बंद केले.

झालर खाली बसली. फळी गाळाला टेकली आणि कडेने काळं पाणी वर आलं. बराच वेळ गेला. एक कावळा परतला, पानाजवळ उतरला आणि मान वाकडी करून नुसता बघत राहिला. फळीची एक बाजू दिसेनाशी झाली होती.

अशा वेळी मेलेल्याला काहीतरी कबूल करायचं असतं, म्हणजे कावळा शिवतो. मी काठावरून ओरडले, "अवो, आता बास झालं. ह्यो तरी माझा मला ऱ्हाऊ द्या!"

कावळा उडाला. पानाला शिवला नव्हता.

पोराने पंखा लावला. फळी हलेना. पंखा किंचाळत होता आणि खालून कोणी झालर धरून ठेवल्यासारखी ती ताणली जात होती. मग गाळाने एकदम सोडलं. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. फळी उसळली, हवेच्या झोताने पान उलटलं आणि पिंड चिखलात गेला.

काठाला लागला तेव्हा पोराचं तोंड उजळलं होतं. "आई, अण्णानं हातानं घेतलं. बघिटलीस न्हवं?"

"बघिटली," मी म्हणाले.

दिराने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बोलू दिलं नाही. डब्यातली भाकरी काढून पोराच्या हातात दिली. तो तिथेच उकिडवा बसून खायला लागला, न थांबता. गाळावर वळणापाशी बुडबुडे येत होते. मी त्याच्या आणि नदीच्या मध्ये उभी राहिले, त्याचं खाऊन होईपर्यंत.