आमच्या बालवाडीत बेडूक आला तेव्हा

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, तुला माझ्या हातची सोलकढी पाजते. नाही मानलास तरी पाजते म्हणा, ऐकायला माणूस तर पायजे! त्या सिनेमाचे किस्से माझ्याकडे असे साठलेत, जशा परसात तिसऱ्यांच्या शिंपल्या. वरचा एक झाडून काढावा तर खाली दहा निघतात.

मी आमच्या बालवाडीची मदतनीस होते. खिचडी ढवळायची, पोरांची नाकं पुसायची. आता रिटायर आहे, पण रोज जाते. कोणी हाकलत नाही, घाबरतात. शिक्षण म्हणशील तर दुसरी. माहेरी डिचोलीला मास्तरांच्या टोपीत मी पाल सोडली, तिथेच संपलं.

तर टीव्हीवर लहान पोरांची एक मालिका लागते. त्यात डुबुक नावाचा एक बेडूक. माणसाएवढा, लाल चड्डीतला. गाणी म्हणतो, हात धुवायला शिकवतो, नाचतो. त्या मालिकेचा मोठा गाण्यांचा सिनेमा काढायचा ठरलं. त्याला खरं गाव, खरी शेतं, खरी बालवाडीची पोरं हवी होती. मुंबईची माणसं शोधत शोधत पेडण्यात आमच्या गावात पोचली. डायरेक्टर तन्वी मॅडम, माझ्या नातीच्या वयाची, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी.

मला म्हणाली, "आजी, इकडे शांतता असते ना?"

मी म्हटलं, "अगो बाय, मसणासारखी!"

* * *

पहिल्या दिवशी सकाळी कॅमेरा लागला, गाणं सुरू झालं, डुबुक मधे आणि बारा पोरं भोवती. छान नाचत होती. तेवढ्यात रस्त्यावर "पोंय पोंय!"

पदेराची सायकल! आमच्याकडे पाववाल्याचा भोंपू वाजला की पोरं आईचं ऐकत नाहीत, तिथे डायरेक्टरचं काय ऐकणार? बाराच्या बारा पोरं गरम उंड्यांसाठी, त्या गोल पावांसाठी पळाली. डुबुक एकटाच कंबर हलवत राहिला. त्याला त्या मुंडक्यातून धड दिसतच नव्हतं.

मॅडम म्हणाली, "आजी, तुम्ही तर शांतता म्हणाला होतात!"

"ह्यो आवाज नाय गो. ह्यो नाश्तो."

* * *

दुसऱ्या दिवशी डुबुक पडला. म्हणजे बेडकाच्या आतला मुंबईचा नाचणारा. दिवाळीआधीचं ऊन, अंगावर तो स्पंजचा कपडा, वर एवढं मोठं डोकं. "डुब डुब डुबुक" म्हणता म्हणता भाताच्या पेंढ्यांवर आडवा! त्याला आतून काढला तर उकडलेल्या कणगीच्या कंदासारखा वाफा सोडत होता. त्यानं हात जोडले आणि दुपारच्या गाडीनं मुंबईला गेला.

आमचे तात्या, देवळातले मानकरी, लगेच पुढे. "देवाक इचारलात काय? नारळ ठेवलात? गाऱ्हाणां घातलात?"

नव्हतं घातलं. मग तात्यांनी घातलं. "बा देवा म्हाराजा, ही मुंबयची पोरां तुझ्या गावात बेडूक नाचवक इली हत. तेंची काय चूक झाली असात तर पोटात घाल, आणि तेंचो खेळ पार पाड रे म्हाराजा!"

आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!"

मॅडमनं मला हळूच विचारलं, "आजी, हे कधी म्हणायचं?"

मी म्हटलं, "तात्या काय पण बोलले की म्हणायचं. नायतर ते रागावतात."

झालं! तात्या म्हणाले, "मॅडम, चाय घेतलात?"

"व्हय म्हाराजा!"

"ऊन कडक आसा नाय?"

"व्हय म्हाराजा!"

पोरांना तर खेळच मिळाला. त्या दिवसापासून मॅडमनं "रेडी?" म्हटलं की बारा पोरं एका सुरात, "व्हय म्हाराजा!" पुढे लाइटवालेसुद्धा तसंच म्हणायला लागले.

* * *

पण बेडूक रिकामाच पडून होता. आत घालायला माणूस कुठून आणायचा? मी म्हटलं, भिकू आहे की!

भिकू माझा शेजारी. चाळीस वर्षं दशावतारात काम केलेला. राक्षस करावा तर त्यानं! भरजरी कपडे, मोठा मुकुट, तोंडाला लाल रंग. घामाची त्याला कसली भीती? पण घरात त्याचं एक दुखणं होतं, ते तुला आधी सांगायला हवं.

त्याची नात मनू, पाच वर्षांची, आमच्याच बालवाडीत. आदल्या वर्षी जत्रेत तिनं आजोबाचा राक्षस पाहिला. लाल तोंड, बाहेर आलेले दात, पायानं फळी आपटून केलेली आरोळी. तेव्हापासून ती त्याच्या जवळ जाईना. मांडीवर बसेना, त्याच्या हातचा खाऊ घेईना. तो ओसरीवर आला की ही मागच्या दारानं बाहेर. तोंड धुवून दाखवलं, रंगाची डबी दाखवली, काही उपयोग नाही. भिकू बोलायचा नाही, पण सायंकाळी माझ्याकडे येऊन बसायचा आणि कुंपणापलीकडे तिला खेळताना बघायचा.

आणि मनूचा जीव कोणावर? तर डुबुकावर!

मी म्हटलं, "भिको, घूस त्या बेडकात."

"वयनी, राक्षस केलेलो माणूस मी. बेडूक करू?"

"नात मिठी मारतली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी हजर!

कंपनीची एक अट होती. पोरांसमोर डोकं काढायचं नाही आणि आत कोण आहे ते पोरांना कधी सांगायचं नाही. भिकूनं सही केली. गावात सांगितलं, बहिणीकडे डिचोलीला जातो. गावात खरं फक्त मला आणि बालवाडीच्या बाईंना माहीत. आणि मी तोंड बंद ठेवलं, ह्यावर तर तू मुळीच विश्वास ठेवणार नाहीस.

* * *

भिकूचा पहिलाच शॉट. डुबुकानं खळ्यात उड्या मारत यायचं. हा आला, खळ्याच्या कडेला थांबला आणि वाकायला लागला. दशावतारी माणूस रंगमंचावर पाऊल ठेवण्याआधी वाकून जमिनीला हात लावतो, तो कपाळाला लावतो, मगच पुढे जातो. चाळीस वर्षांची सवय! पण मधे बेडकाचं पोट. हात काही जमिनीला पोचेना. वाकता वाकता हा धपकन बसला. बसल्या बसल्या जमिनीला हात लावला, कपाळाला लावला, उठला आणि पुढे गेला. तेसुद्धा राजासारखा, छाती काढून!

"कट! काका, तुम्ही बेडूक आहात, राजा नाही!"

आतून आवाज आला, "बेडकांचो राजा नसता काय?"

चार वेळा केलं, चारही वेळा तेच. शेवटी मॅडम हसून हसून खुर्चीवरून घसरली आणि म्हणाली, "राहू दे, हेच छान आहे."

* * *

लाडवांचा किस्सा माझा आहे, आधीच कबूल करते. एका गाण्यात मी पोरांना लाडू वाटते आणि पोरं खात खात नाचतात. पहिल्या वेळेला सगळं नीट झालं. दुसऱ्या बाजूनं घ्यायचं म्हणून परत लाडू. तेव्हा मी पोरांच्या कानात सांगितलं, "चुकलात तर अजून एक मेळतलो."

मग काय विचारतोस! कोणी उलटं वळतंय, कोणी खाली बसतंय, कोणी मधेच मुतायला चाललंय. दर वेळेला नवा लाडू. मॅडम रडकुंडीला आली, "सकाळी तर सगळं येत होतं यांना!" डबा रिकामा झाला तशी पोरं एका दमात बिनचूक नाचली.

मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. मी ओच्यात लपवलेला शेवटचा लाडू तिला दिला. तिनं खाल्ला. त्यानंतर ती मला वचकून असायची.

* * *

शेवटच्या दिवशी मोठं गाणं होतं. डुबुक भीती खातो. प्रत्येक पोरानं पुढे यायचं, कशाची भीती वाटते ते त्याच्या कानात सांगायचं, मग डुबुकानं मोठा आ करून ती गिळायची आणि पोटावर हात फिरवायचा. एकानं सांगितलं कुत्र्याची. गिळली. एकीनं सांगितलं इंजेक्शनची. गिळली.

मनू आली. सगळे दिवस ती डुबुकाला चिकटूनच होती, त्या हिरव्या हाताला धरून फिरायची. तिनं त्याच्या मानेला मिठी मारली आणि कानात काहीतरी सांगितलं.

डुबुक गिळेना. नुसता उभा.

"गिळा काका! गिळा!" मॅडम ओरडतेय, गाणं वाजतंय. मी कढई घेऊन बाजूलाच उभी होते. मला वाटलं, ह्याला पण ऊन लागलं. मग त्यानं हळूहळू आ केला आणि गिळलं. पोटावर हात फिरवला. मनू हसली, टाळ्या वाजवत जागेवर गेली.

सायंकाळी भिकू डिचोलीहून परत आल्याचं दाखवत माझ्या ओसरीवर आला. चहा निवून गेला तरी हात लावीना. मी म्हटलं, "काय सांगितल्यान रे चेडवान?"

"म्हणाली, माझ्या आजोबाची भीती वाटता. तेका खा."

मी त्याचा निवलेला चहा परत गरम करायला उचलला. तो म्हणाला, "चाळीस वर्षां राक्षस केलंय, वयनी. बरो होतो की वायट, माका कोणी सांगूक नाय. आज समाजला."

मी म्हटलं, "सांगून टाक तिला, तो मीच म्हणून."

"नको. तिचो डुबुक मरात."

* * *

सिनेमा लागला तो पुढच्या वर्षी. पाऊस येऊन गेला तरी मनू मागच्या दारानंच पळत होती. कंपनीनं गावाला म्हापशाच्या थिएटरात बोलावलं, बस पाठवली. नेमका शुक्रवार, बाजाराचा वार! म्हापशाचा बाजार सोडून सरळ सिनेमाला जाणाऱ्या बायका आमच्या गावात जन्मल्या नाहीत. बाजार झाला, पिशवीभर सुकी कोळंबी घेतली, मग थिएटर. दारावरचा माणूस म्हणाला, "काकी, ह्या पिशवीत सुकी सुंगटं आहेत, ही बाहेर ठेवा."

मी म्हटलं, "एसी बाहेर ठेव. सुंगटां आत येतली."

आलीच! एसीत असा वास सुटला की पुढे बसलेली मुंबईची माणसं तोंडाला रुमाल लावून सिनेमा बघत होती.

मनू माझ्या बाजूला. भिकू एकटा, अगदी मागच्या रांगेत भिंतीला टेकून. पडद्यावर खळं आलं. डुबुक आला, कडेला थांबला. वाकला, धपकन बसला, जमिनीला हात लावला, कपाळाला लावला, उठला आणि छाती काढून पुढे गेला.

मग तात्या उभे राहिले. "अरे, ह्यो तर भिकू! बेडकाच्या आत आमचो भिकू आसा रे!"

"भिकूदादा!" "भिकूदादा आत आसा!" शिट्ट्या काय, टाळ्या काय! अट, सही, सगळं गेलं वाऱ्यावर.

आणि माझ्या बाजूनं अशी किंकाळी उठली, की टाळ्या जागच्या जागी थांबल्या.

मनू खुर्चीवर उभी. दोन्ही हात पडद्याकडे, डोळ्यांतून धारा. "मी सांगितलंय म्हणान खाल्ल्यान! बाहेर काढा! माझ्या आजोबाक बाहेर काढा!"

कोणाला काही कळेना. मला कळलं. मी मागे वळून ओरडले, "भिको! ये रे मुडद्या, लवकर!"

तो खुर्च्यांना अडखळत, कोणाच्या पिशवीवर पाय देत आला. पडद्याच्या उजेडात मनूनं त्याला पाहिलं. पडद्याकडे पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं. मग उडी मारून त्याच्या गळ्यात! सदरा मुठीत असा धरला की बटण तुटून माझ्या मांडीवर पडलं.

हुंदके देत म्हणाली, "बाहेर कसो इलंस?"

भिकू म्हणाला, "अळणी लागलंय गो. थुकल्यान माका."

जा आता. सोलकढी पिऊन जा आणि वाडगा धुवून ठेव.