गिरणीवाल्याचा कप्तान

आमच्या गल्लीतला गिरणीवाला दिवसभर पिठाने इतका पांढरा होतो, की परग्रहावरच्या मालिकेत त्याला मेकअपशिवाय घेतील. नंदुरबारला बदली झाल्यापासून मी त्याला रोज पाहतो. नाव विचारायची गरज पडलेली नाही. एका हाताने दळण सरकवत, दुसऱ्या हातात मोबाईल धरून तो अवकाशयानाची एक मालिका पाहत असतो.

मागच्या महिन्यात त्या यानाचा कप्तान मेला. जगभरच्या चाहत्यांनी लेखकाला शिव्या घालून आपलं दुःख साजरं केलं. ह्याने सरळ गिरणीच बंद केली. मी बाजरीचा डबा घेऊन उभा, आणि हा पायरीवर डोक्याला हात लावून बसलेला.

तेवढ्यात समोरची म्हातारी आली. बंद गिरणी आणि ते तोंड पाहून तिने पदर डोळ्यांना लावला आणि हंबरडाच फोडला. इकडे आधी रडतात, चौकशी मागाहून.

“कोन गयं रे भाऊ?”

“कप्तान.”

“कितलं वय व्हतं?”

“तीनशे वरीस,” तो मान खाली घालून म्हणाला.

“मंग सोनं व्हयनं रे! ऊठ, गिरणी चालू कर.”

त्याने डोळे पुसले आणि गिरणी सुरू केली. एवढं सांत्वन इंटरनेटवर एकाही चाहत्याला मिळालं नसेल.

पुढच्याच भागात कप्तान जिवंत निघाला. अर्थातच. चाहते नाचले. मी गिरणीवर पेढे मागायला गेलो, तर त्याने समोरच्या दाराकडे पाहून पिठाचं बोट ओठांवर ठेवलं.

“मोठी मायले सांगू नका, भाऊ. ती खरी रडनी व्हती.”